निवडीचे प्रशिक्षण : विद्यार्थ्याचा अर्ज आणि रुग्णाचा अधिकार

धर्मादाय रुग्णालयाच्या वॉर्डात कधी कधी दुसऱ्या महाविद्यालयातील विद्यार्थी दिसतो. तो कोण, कशासाठी आला आणि त्याला काय करण्याची मुभा आहे, हे देणगीदारांना व रुग्णांच्या आप्तांना ठाऊक असणे हितावह आहे.

एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात २०१९ च्या नियमांनी ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे निवडीचे प्रशिक्षण, अनिवार्य केले. प्रारंभी त्यासाठी २ महिने होते. २०२३ च्या नियमावलीत हा काळ १ महिना, प्रत्येकी १५ दिवसांच्या २ भागांत, असा झाला. एक भाग प्रयोगशाळेत वा संशोधनात, तर दुसरा रुग्णविभागात अथवा ग्रामीण वा नागरी वस्तीतील दवाखान्यात घालवावयाचा असतो. ७५ टक्के उपस्थिती आणि नोंदवही यांवाचून अंतिम परीक्षेस बसता येत नाही. हा काळ इतर विषयांतील अनुपस्थिती भरून काढण्यासाठी वापरता येत नाही.

अर्ज करणाऱ्याने प्रथम आपल्या महाविद्यालयाची अनुमती घ्यावी. अर्जासोबत अधिष्ठात्यांचे ना-हरकत पत्र, निश्चित तारखा आणि कोणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिकावयाचे याचा उल्लेख असावा. सर्वांत महत्त्वाचा भाग उद्दिष्टाचा. ‘अनुभव घ्यावयाचा आहे’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. ‘सर्पदंशाच्या रुग्णाचे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत २० मिनिटे ठेवून ते गोठते की नाही हे कसे पाहतात, आणि त्यावरून प्रतिविषाचा निर्णय कसा घेतात, हे शिकावयाचे आहे’ असे लिहिणारा विद्यार्थी विचार करून आला आहे, हे वाचताक्षणी कळते.

कावीळ-ब प्रतिबंधक लसीच्या ३ मात्रा पूर्ण होण्यास साधारणतः ६ महिने लागतात. म्हणून तयारी आयत्या वेळी होत नाही. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यास याखेरीज व्हिसा, विमा व शुल्क यांचाही विचार करावा लागतो.

दूर जाणे म्हणजे परदेशीच जाणे असे मात्र नव्हे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे सुरू केलेल्या कार्यात गावातील स्त्रियाच आरोग्यसेविका झाल्या. रोगाचे मूळ पाणी, अन्न आणि दारिद्र्य यांत कसे असते, हे अशा ठिकाणी जितके उमगते तितके भव्य इमारतीत क्वचितच उमगते.

आता रुग्णाविषयी. विद्यार्थी हा नोंदणीकृत डॉक्टर नसतो. तो स्वतंत्रपणे औषध लिहून देऊ शकत नाही. तपासणीही ज्येष्ठांच्या देखरेखीखालीच करावयाची. त्याने आपले नाव व विद्यार्थी असल्याचे प्रथम सांगावे आणि संमती मागावी. रुग्णाने नकार दिल्यास उपचारांत तसूभरही फरक पडता कामा नये. मोफत वा सवलतीत उपचार घेणाऱ्या रुग्णास नकार देणे अवघड वाटते. ‘उपकाराखाली आहोत’ ही भावना त्याच्या ओठांवरचा शब्द अडवते. म्हणूनच धर्मादाय संस्थेवर ही जबाबदारी अधिक आहे. दात्याच्या दानाने रुग्णाचा खर्च भागतो. त्याची संमती विकत घेतली जात नाही.

विश्वस्तांनीही विद्यार्थ्यांची संख्या आपल्या डॉक्टरांना शिकविण्यास जेवढा वेळ आहे तेवढीच ठेवावी. ज्यास विनयाने विचारण्याची सवय येथे लागली, तो पुढे कोठेही गेला तरी त्या गावच्या रुग्णांना तिचा लाभ होईल. विद्यादानाचे हे फळ जमाखर्चाच्या पत्रकात दिसत नाही. परंतु तेही आपल्याच दानाचे फळ आहे.