'सॉरी' आणि पश्चात्ताप

वाचन : मत्तय 21:28-32, 27:3-5, लूक 19:1-10



काही वर्षांपूर्वी बंगळुरातील एका रुग्णालयात मी सोलापूरहून आलेल्या एका भगिनीजवळ बसलो होतो. डॉक्टर बाहेर आले व "आय ॲम सॉरी" एवढेच म्हणाले. तिचे यजमान प्रभूजवळ गेले होते. तिने मला विचारले, "भाऊ, डॉक्टरांच्या हातून काय चूक झाली?" डॉक्टर क्षमा मागत नव्हते, दुःख व्यक्त करीत होते, पण तिला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता.

हा इंग्रजी शब्द मुळात वेदनेचा आहे. आज या शहरात कन्नड, तमिळ, उर्दू, मराठी बोलणारे सारेच तो वापरतात. बसमध्ये कोणाच्या पायावर पाय पडला, नीट ऐकू आले नाही, नकार द्यावयाचा आहे, कोणाकडे मृत्यू झाला, सर्वत्र 'सॉरी'. मराठीत आपण अनुक्रमे 'चुकलो', 'पुन्हा सांगता का?', 'जमणार नाही', 'फार वाईट झाले' असे म्हणतो. एक शब्द चार कामे करतो, ही सोय खरी. परंतु तो उच्चारताच चूक मिटली, असे वाटू लागते.

नव्या करारात याविषयी दोन ग्रीक शब्द महत्त्वाचे आहेत. 'मेटामेलोमाय' म्हणजे केलेल्या गोष्टीबद्दल मनाला लागून राहणे. 'मेटानोइया' म्हणजे मन पालटणे. यहूदाविषयी मत्तयाने पहिला शब्द योजिला आहे. मात्र दोन पुत्रांच्या दाखल्यात, आधी नकार देऊन मग द्राक्षमळ्यात गेलेल्या पुत्राविषयीही तोच शब्द आहे. म्हणजे प्रश्न शब्दाचा नाही. दुःख आपल्याला कोठे नेते, हा आहे. यहूदाला ते मरणाकडे घेऊन गेले, त्या पुत्राला पित्याच्या कामाकडे.

आपला 'पश्चात्ताप' म्हणजे मागाहून होणारा ताप. त्यात जळणे आहे. वळणे मात्र आपल्या आचरणाने त्यात भरावे लागते. जक्कयाच्या कथेत या दोहोंपैकी एकही ग्रीक शब्द नाही. तरी त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना व लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे ठरविले.

मी स्वतः थोरल्या बंधूंना दूरध्वनीवर अनेकदा 'सॉरी' म्हटले. त्यांच्या दारी जाऊन "दादा, माझे चुकले" म्हणावयास अकरा वर्षे लागली.

मननासाठी :
1. आपण कोणाला केवळ 'सॉरी' म्हणून थांबलो आहोत?
2. त्याचे काय परत करावयाचे राहिले आहे?