खाते बदलावे की ठेवावे?

आमच्या घरात पहिले पासबुक आले ते माझ्या शिष्यवृत्तीमुळे. दिवाळीत ते भरून आणले, तेव्हा किमान शिल्लक नाही म्हणून दोनदा पैसे कापलेले दिसले. आई म्हणाली, "ठेवायला दिलेलं धान्य कणगीच खाते होय रे?" मला उत्तर देता येईना.

मग नियम वाचले. १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, शिल्लक घटल्यास बँकेने आधी कळवून महिनाभराची मुदत द्यायची असते, आणि दंड तुटीच्या प्रमाणातच घ्यायचा असतो. आम्हांला कोणी कळवले नव्हते! शिवाय २०१२ पासून बँकांत मूलभूत बचत खाते मिळते. त्याला किमान शिल्लक लागत नाही. महिन्यातून किमान चार वेळा पैसे मोफत काढता येतात. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

रागाच्या भरात दुसऱ्या बँकेत जावेसे वाटले. पण शिष्यवृत्ती येते ती आधारशी जोडलेल्या बँकेत. जोडणी बदलताना हप्ता अडकला, तर परीक्षेची फी कोठून भरायची? आम्ही पैसे काढतो महिन्यातून तीनदा : किराणा, खोलीभाडे, एस.टी.चा पास. तेव्हा बँक तीच ठेवून खाते तेवढे बदलायचे ठरवले.

सोमवारी अर्ज दिला. कारकून कुरकुरले, पण पोच दिली. ती आईने देव्हाऱ्यात ठेवली आहे.