उन्हाळी सत्राचा आरंभ आणि हजेरीपटावरील रिकामे घर

मार्च महिना सरत आला की आपल्या विद्यालयाच्या प्राथमिक विभागातील दुपारची शाळा सकाळी येते. शासनाच्या दप्तरी शैक्षणिक वर्षाची सत्रे दोनच. एक जूनमध्ये सुरू होते, दुसरे दिवाळीच्या सुटीनंतर. परंतु निवासी शाळेत ज्यांनी चार उन्हाळे काढले आहेत, त्यांना ठाऊक आहे की सकाळच्या शाळेपासून वार्षिक परीक्षेपर्यंतचा काळ हे एक निराळेच सत्र असते. पहाटेची घंटा अलीकडे येते. परिपाठ पूर्वेकडील मोकळ्या पटांगणात होतो आणि त्रिसरण-पंचशील संपते तेव्हा ऊन नुकतेच भिंतीवर चढू लागलेले असते. वर्ग मध्यान्हापूर्वी सुटतात व उरलेली लांबलचक दुपार गृहपालांच्या स्वाधीन होते. माठ धुऊन सावलीत मांडणे, पाखरांसाठी परळ टांगणे, भाजीच्या वाफ्यांना सांडपाणी वळवणे, 11 आणि 14 एप्रिलच्या जयंत्यांची तालीम, भित्तिपत्रक, वाचनाचे गट, अशी कामे एकाच पंधरवड्यात येऊन पडतात.

या साऱ्याचे वृत्त स्मरणिकेच्या अन्य पानांवर छायाचित्रांसह आलेच आहे, म्हणून ते येथे पुन्हा देत नाही. प्रस्तुत लेखात मला एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. उन्हाळी सत्राच्या आरंभी आपण जे जे करतो, त्यामुळे सुटीवर गेलेले मूल जूनमध्ये परत येते काय?

हा प्रश्न नवा नाही. मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 12 मार्च 1927 रोजी शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत भाषण केले. त्यातील एक आकडा प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी केवळ 18 मुले चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली 82 पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सभागृहापुढे मांडले. मूल एकदा साक्षर झाले की आयुष्यभर साक्षर राहील इतक्या टप्प्यापर्यंत त्याला शाळेत ठेवणे, हेच प्राथमिक शिक्षणाचे प्रयोजन होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारी करातून मात्र माणशी दोन रुपयांहून अधिक मिळवते, हा हिशेबही त्यांनी त्याच भाषणात दाखवला. त्यानंतर आठच दिवसांनी, 20 मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. आपण महाडचा दिवस पाळतो आणि ते योग्यच आहे; 12 मार्च मात्र आपल्या दिनदर्शिकेत कोठे दिसत नाही.

या भाषणाने प्रवेशाची संख्या हा यशाचा पुरावा मानण्यास नकार दिला. आज सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला 2009 च्या कायद्याने मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे, आणि शाळेबाहेर राहिलेल्या बालकाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तरी मूल हजेरीपटावर असणे आणि मूल शाळेत असणे यांतील अंतर कायद्याने आपोआप मिटत नाही.

आपल्याकडे ते अंतर कोठे पडते? आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन कोयते निघतात (नवरा-बायकोच्या जोडीलाच तेथे एक कोयता म्हणतात, हे शहरी वाचकांसाठी सांगितले पाहिजे) आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की परततात. मधले पाच-सहा महिने वसतिगृह हेच मुलांचे घर असते. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, ते याच जाणिवेने: ज्याच्या घरात अभ्यासाला जागा नाही, किंवा ज्याचे घरच वर्षातून सहा महिने फडावर असते, त्याला नुसती शाळा पुरत नाही. म्हणून आईवडील दूर असतात त्या हिवाळ्यात आपली गळती जवळजवळ नसते. मूल हातचे जाते ते आईवडील परत आल्यावर. फाटकाशी वडील येऊन उभे राहतात, आत्याच्या घरचे लग्न असते, दोन दिवसांची परवानगी मागितली जाते. मायेने मागितलेली ही परवानगी नाकारणारे आपण कोण? आणि त्या दोन दिवसांचा मग सबंध उन्हाळा होतो.

काही वर्षांपूर्वी तिसरीतील एक मुलगा असाच गेला. तो वर्गात मागे होता. जोडाक्षर आले की अडखळे आणि अडखळला की हसून खाली बसे. एप्रिलचा पहिला आठवडा होता आणि मी जयंतीच्या नाटिकेत गुंतलो होतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी रोज गैरहजेरीची खूण करीत गेलो आणि एकदाही त्याची चौकशी केली नाही. जूनमध्ये तो आला नाही, जुलैत त्याच्या गावी निरोप पाठवला तेव्हा कुटुंब वीटभट्टीवर गेल्याचे कळले. नाटिकेला त्या वर्षी फार टाळ्या पडल्या होत्या.

त्यानंतर आम्ही प्राथमिक विभागात या सत्राची मांडणी बदलली. त्यातील तीन पाठांविषयी लिहितो.

पहिला पाठ पाण्याचा. सकाळच्या शाळेच्या पहिल्याच आठवड्यात चौथीच्या वर्गात बाबासाहेबांच्या बालपणीच्या प्रवासाची हकीकत सांगितली जाते. ती त्यांनी आपल्या आठवणींच्या टिपणांत स्वतः लिहून ठेवली आहे. साल 1901. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार म्हणून नोकरीला. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलाव खोदण्यात येत होता. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे, असे त्यांनी साताऱ्याला कळवले. नऊ वर्षांचा भीम घरातील मुलांबरोबर नवे कपडे घालून आगगाडीने मसूरला उतरला. न्यायला कोणी आले नव्हते, कारण मुलांचे पत्र वडिलांना मिळालेच नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही अशा अटीवर की बैल मुलांनी हाकावेत आणि तो बाजूने पायी चालेल. शिदोरी भरपूर होती. घोटभर पाणी मात्र रात्रभर कोणी दिले नाही. दुसऱ्या दिवशी मुले वडिलांकडे पोहोचली.

हा पाठ सांगताना आवाज चढवावा लागत नाही. मुलांना लाल एस.टी. माहीत आहे, बैलगाडी माहीत आहे, फडावरच्या रात्री माहीत आहेत. एका वर्षी एका मुलीने विचारले, ‘‘गुरुजी, जेवण होतं तर मग ते खाल्लं का नाही?’’ उत्तर वर्गातील दुसऱ्या मुलाने दिले: कोरडा घास गिळत नाही. त्यानंतर साताऱ्याच्या शाळेतील नळाची गोष्ट येते. इतर मुले तहान लागली की नळावर जात. भीमाला मात्र शिपायाने तोटी उघडून दिली तरच पाणी मिळे आणि शिपाई नसला की तहानलेले राहावे लागे. हे ऐकल्यावर त्याच दिवशी वर्गाचा माठ कोणी भरावा याची पाळी ठरते. पाळी हजेरीपटाच्या क्रमाने असते आणि तीत एक नियम आहे: ज्याची पाळी तो गैरहजर असेल, तर पुढच्याने माठ भरण्यापूर्वी तो कोठे आहे हे विचारून यावयाचे. आज कोण आलेले नाही, हे आता मला माझ्या आधी मुलांकडून कळते.

दुसरा पाठ वाचनाचा. या पंधरवड्यात परीक्षेची तयारी बाजूला ठेवून दुसरी ते चौथीच्या प्रत्येक मुलाला कडुलिंबाखाली एकट्याने एक उतारा वाचावयास लावतो. जे अडतात त्यांचा निराळा गट होतो. या गटाला पूर्वी मुलांनीच एक वाईट नाव दिले होते. ते येथे लिहीत नाही. आता तो ‘पंथक गट’ म्हणून ओळखला जातो, आणि नावामागची कथा पहिल्याच दिवशी सांगितली जाते. चूलपंथक नावाच्या भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक संघातच होता. त्याने धाकट्याला निघून जाण्यास सांगितले. राजगृहात जीवकाच्या आम्रवनातील ही गोष्ट आहे. पहाटे विहाराच्या दाराशी तथागतांनी त्याला अडवले, परत आणले, हातात एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ‘रजोहरणं, रजोहरणं’ असे म्हणत ते चोळीत बसण्यास सांगितले. ऊन चढले, घामाने वस्त्र मळले, आणि त्या मळलेल्या वस्त्राकडे पाहता पाहता पंथकाला अनित्यतेचा बोध झाला.

कथेचे तात्पर्य मुले आपापल्या परीने काढतात. मला शिक्षक म्हणून तीत दोन गोष्टी दिसतात. तथागतांनी पंथकाला तीच गाथा पुन्हा घोकण्यास लावले नाही, साधन बदलले. आणि त्याहून आधी, ते दारापर्यंत स्वतः गेले. पंथक गटाला आम्ही धड्याचे पुस्तक देत नाही. शाळेच्या फाटकावरील पाटी, एस.टी.चे तिकीट, बियाण्याची पिशवी, औषधाचे वेष्टन, लग्नपत्रिका, अशा छापील वस्तूंवरून अक्षरे शिकवतो. लग्नपत्रिका मुलांना विशेष आवडते, कारण तीत आपल्या गावचे आडनाव सापडते. आणि जोडाक्षरांचा तर तीत सुकाळच असतो.

तिसरा पाठ हिशेबाचा, आणि तो 11 एप्रिलला जोडलेला आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती. शिक्षणक्रमात काय असावे तेही त्यांनी सांगितले: मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शेतकऱ्याच्या मुलाला जे उपयोगी ते शिकवा, हा त्यामागचा विचार होता. जयंतीला या निवेदनावर भाषणे होतात. आम्ही चौथीला त्याऐवजी एक गणित घालतो. एका कोयत्याने इतकी उचल घेतली, इतके टन ऊस तोडला, टनामागे मजुरी इतकी, वजावट इतकी. फिटली किती आणि अंगावर किती राहिली?

पहिल्या वर्षी हे गणित घालताना मला संकोच वाटला होता. घरची अडचण फळ्यावर मांडणे बरे नव्हे, असे एका सहकाऱ्यांचे मत होते आणि त्यात तथ्य आहे; म्हणून आकडे नेहमी कल्पित घेतो व कोणाच्या घरचे विचारीत नाही. परंतु त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस एक वडील मुलीला न्यायला आले तेव्हा तिने त्यांच्या खिशातील मुकादमाची चिठ्ठी मागून घेतली आणि कार्यालयाच्या पायरीवर बसून पाटीवर बेरीज-वजाबाकी केली. एक रक्कम दोनदा लावलेली निघाली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला विचारले, ‘‘गुरुजी, जूनात शाळा कोन्च्या तारखेला?’’ त्यापूर्वी चार वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

आणखी एक बदल केला, तो कागदोपत्री आहे. उन्हाळी सत्राच्या आरंभीच प्रत्येक मुलाच्या नावापुढे हजेरीपटाला जोडलेल्या वहीत चार गोष्टी लिहिल्या जातात: न्यायला कोण येणार, मे महिना कोणत्या गावी जाणार, तेथे कोणाच्या फोनवर निरोप पोहोचेल, आणि परत कोणाबरोबर येणार. मूल स्वतः सांगते व स्वतःच्या अक्षरात लिहिते. पंथक गटातील मुलेही लिहितात, वेळ लागला तरी. घरी जाताना वाचनालयातील एक पुस्तक मुलाच्या नावावर दिले जाते. पुस्तके हरवतात अशी ग्रंथपालांची तक्रार आहे, ती खरी आहे. पुस्तक परत करण्यासाठी म्हणून आलेली मुले मात्र मी पाहिली आहेत.

तरीही काही घरे रिकामी राहतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती वही काढून आम्ही फोन करीत बसतो. काही क्रमांक बंद असतात, काही ठिकाणी शेजारी उचलतात. वीटभट्टीवर गेलेल्या त्या मुलाचे नाव जनरल रजिस्टरात आजही आहे. शेऱ्याच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ असे लिहिले आहे, आणि अक्षर माझे आहे.