मुशी व पाकट यांची पैदास

कोकण किनाऱ्यावर मुशी, म्हणजेच काही गावांची मोरी, आणि पाकट हे मासे सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. बांगडा, तारली हे मासे हजारो अंडी पाण्यात सोडतात. यांची रीत निराळी. फलन मादीच्या उदरातच होते, आणि बहुतेक जातींची मादी पूर्ण वाढलेली जिवंत पिले देते. कित्येक मोठ्या जातींना वयात येण्यास दहा वर्षेही लागतात व एका वेतातील पिले थोडीच असतात. पैदाशीच्या हिशेबाने मुशी ही बांगड्यापेक्षा म्हशीलाच अधिक जवळची! गाभण माद्या व लहान पिले सरसकट धरली गेल्यास तूट लवकर भरून निघत नाही.

मणक्याचा पातळ छेद घेतला असता खोडाप्रमाणे वलये दिसतात; त्यांवरून संशोधक वयाचा अंदाज बांधतात. बंदरावरील कार्यकर्त्याने लांबी व लिंग टिपावे. नराच्या पोटाखालील परांपाशी दोन दांडीसारखे अवयव असतात, मादीस नसतात. मासा कापताना पोटात पिले आढळल्यास त्यांची संख्याही नोंदवावी.

व्हेल शार्क व करवतमासा यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी वाढली. असा मासा जाळ्यात सापडल्यास जाळे कापून त्यास जिवंत सोडावे. जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केली. सुटकेचे छायाचित्र मात्र पुराव्यासाठी अवश्य घ्यावे.