कोपराचे जुनाट दुखणे : घाई नको, आळसही नको

थंडी पडली की आपल्या किनारपट्टीवर टेनिस बॉल क्रिकेटचे सामने सुरू होतात, ते मृगाचा पाऊस येईपर्यंत चालतात. मालवणच्या बोर्डिंग मैदानापासून वाडीतल्या कापलेल्या मळ्यापर्यंत दर रविवारी कुठे ना कुठे मांडव पडलेला असतो. या दिवसांत दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. असाच एक पस्तिशीचा गडी मार्च महिन्यात आला. हंगामात रापणीवर जाणारा, सुट्टीच्या दिवशी वाडीच्या संघातून खेळणारा. म्हणाला, ''डॉक्टरांनू, कोपर दुखता. चायचो कप सुदा उचलूक जमणा नाय. आयतवारी मॅच आसा, एक इंजेक्शन मारा.''

त्याला इंजेक्शन दिले नाही. का दिले नाही, आणि त्याऐवजी काय सांगितले, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

दुखणे कोणते?

या दुखण्याला 'टेनिस एल्बो' म्हणतात. नाव टेनिसचे असले तरी हे दुखणे असलेल्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट कधी हातातही घेतलेली नसते. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याला एका मजबूत दोरीने जोडलेले असतात. या दोरीला 'टेंडन' किंवा कंडरा म्हणतात. मूठ घट्ट आवळून मनगटाचे तेच ते काम वारंवार केले की या कंडरेवर ताण पडतो. बॅट फिरवणे, रापणीचा दोर ओढणे, विहिरीचे पाणी शेंदणे, गोधडी पिळणे, करवत किंवा थापी चालवणे या सर्व कामांत तोच भाग राबतो. साधारण ३५ ते ५५ या वयात हे दुखणे अधिक आढळते. शंभर प्रौढांत एक ते तीन जणांना ते होते.

ओळखायची खूण सोपी आहे. हात समोर सरळ धरा, तळवा जमिनीकडे ठेवा. दुसऱ्या माणसाने हाताच्या पाठीवर खाली दाब द्यावा आणि तुम्ही मनगट वर उचलण्याचा प्रयत्न करा. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर कळ आली तर बहुधा हेच दुखणे. एक्स-रेमध्ये सहसा काहीच दिसत नाही. म्हणून 'फोटो चांगला आला, म्हणजे काही झालेले नाही' असे समजू नये.

बरे व्हायला इतका वेळ का?

पूर्वी समज असा होता की कंडरेला सूज आली आहे, सूज उतरली की दुखणे गेले. पुढे शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर वेगळेच आढळले. जुन्या दुखण्यात सूज फारशी नसते. कंडरेचे तंतू झिजलेले, विस्कटलेले असतात. रापणीचा दोर एका जागी घासून त्याचे पेड सुटावेत, तसा हा प्रकार.

त्यात कंडरेला स्नायूच्या मानाने रक्तपुरवठा कमी. स्नायू दुखावला तर काही आठवड्यांत भरून येतो, कंडरेला महिने लागतात. सर्वसाधारणपणे दहांपैकी आठ-नऊ रुग्ण वर्षभरात, शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. म्हणजे तीन महिन्यांनी हात दुखत असेल, तर उपचार चुकला असे नाही. दुखणे आपल्या गतीने चालले आहे.

दोर आणि कंडरा यांत मात्र एक मोठा फरक आहे. सुटलेला दोर मांगरात टांगून ठेवला तर तो आपोआप वळला जात नाही. कंडरा जिवंत असते. तिचे तंतू पुन्हा जुळतात, पण त्यासाठी तिच्यावर बेताचा ताण पडावा लागतो. फार ताण दिला तर ती आणखी सुटते. हात गळ्यात बांधून महिनोन् महिने बसवला तर ती दुबळी होते, आणि काम सुरू करताच पुन्हा दुखते. सारा उपचार या बेतात आहे.

सचिनचा डावा हात

तेंडुलकर हे आडनाव आपल्या कुडाळ तालुक्यातल्या तेंडोलीची आठवण करून देणारे, म्हणून सचिनचेच उदाहरण घेऊ. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा हात बॅटच्या दांड्यावर वर असतो आणि फटका त्याच्या आधाराने जातो. शिवाय सचिनची बॅट जड. ऑगस्ट २००४ मध्ये हॉलंडच्या दौऱ्यात त्याचे डावे कोपर दुखावले. त्या स्पर्धेला तो मुकला. पाठोपाठ इंग्लंडमधली चॅम्पियन्स ट्रॉफी आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतले पहिले दोन कसोटी सामनेही हुकले. ऑक्टोबर २००४ मध्ये नागपूरच्या कसोटीत तो परतला. धावा झाल्या ८ आणि २.

यानंतरचा भाग विचार करण्यासारखा आहे. डिसेंबर २००४ मध्ये त्याने ढाक्याला नाबाद २४८ धावा काढल्या. बघणाऱ्याला वाटावे, कोपर बरे झाले. ते झाले नव्हते. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुढे कित्येक महिने खेळ बंद. २५ ऑक्टोबर २००५ रोजी श्रीलंकेविरुद्ध नागपूरलाच तो पुन्हा उतरला आणि ९३ धावा काढल्या. त्याच डिसेंबरात दिल्लीला पस्तिसावे कसोटी शतक झळकावून त्याने सुनील गावसकरांचा ३४ शतकांचा विक्रम मागे टाकला.

पहिल्या कळेपासून हिशेब केला तर चौदा महिने झाले. जगातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ज्याच्या दिमतीला, त्यालाही इतका काळ लागला. मग आपण दोन आठवड्यांत हताश का व्हावे? मात्र यातून 'शेवटी शस्त्रक्रियाच लागते' असा अर्थ काढू नका. शंभरांतल्या फार थोड्या रुग्णांना ती लागते, तीही सहा महिने ते वर्षभर नीट उपचार करून गुण न आल्यावर.

इंजेक्शनचे काय?

कोपरात देतात ते इंजेक्शन स्टेरॉइडचे असते. त्याने आठवडाभरात बरे वाटते हे खरे आहे, आणि फसगत तिथेच होते. हॉलंडमध्ये १८५ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींना इंजेक्शन दिले, काहींना फिजिओथेरपी, तर काहींना फक्त काळजी कशी घ्यावी ते समजावून वाट पाहायला सांगितले. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले पुढे होते. १०० पैकी ९२ जणांना गुण होता. वर्षाअखेरीस चित्र उलटले. इंजेक्शनवाले ६९, नुसती वाट पाहणारे ८३ आणि फिजिओथेरपीवाले ९१. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या अभ्यासातही तेच दिसले. तिथे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ७२ टक्के रुग्णांचे दुखणे उलटले.

कारण उघड आहे. कळ थांबते, पण तंतू जुळलेले नसतात. रुग्णाला वाटते हात बरा झाला, आणि तो रविवारी मैदानात उतरतो. शिवाय मधुमेह्यांची साखर इंजेक्शनाने काही दिवस वाढू शकते. गोळ्यांचेही तेच. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या आणून सामन्याआधी घेण्याची सवय जठर आणि मूत्रपिंड दोन्हींना घातक आहे.

घरी करायचा उपचार

पहिले दोन-तीन आठवडे कळ आणणारी कामे कमी करा. हात पूर्ण बंद ठेवू नका. वस्तू उचलताना तळवा वर ठेवा. कोपर अंगालगत असू द्या. कळ जास्त असेल तेव्हा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा ते पंधरा मिनिटे लावा. जेट्टीवर मिळणारा बर्फही चालेल, पण थेट कातडीवर नको. पट्टा वापरायचा तर कोपरावर न बांधता कोपराच्या दोन बोटे खाली, हाताच्या जाड भागावर बांधावा आणि झोपताना काढावा.

कळ थोडी बसली की व्यायाम सुरू करावा. तो असा :

१) टेबलावर हात टेकवा. तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. दुसऱ्या हाताने दाब देऊन मनगट वर उचलण्याचा जोर करा, पण ते हलू देऊ नका. अर्धा मिनिट धरा, सोडा. असे पाच वेळा. हे आठ-दहा दिवस.

२) त्याच स्थितीत हातात अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली घ्या. चांगल्या हाताच्या मदतीने मनगट वर न्या आणि दुखऱ्या हाताने चार-पाच आकडे मोजत सावकाश खाली आणा. असे दहा ते पंधरा वेळा. मध्ये दम घेऊन तीन फेऱ्या. दिवसातून एकदा पुरे.

३) पंधरा दिवसांत हे सोपे वाटू लागले की एक लिटरची बाटली घ्या. जोडीला टॉवेलची गुंडाळी मुठीत दाबण्याचा व्यायाम करा.

व्यायामात थोडे दुखले तर घाबरू नये. दहापैकी तीन गुणांइतके दुखणे चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा वाढलेले नसावे. वाढले असेल तर वजन कमी करा, व्यायाम सोडू नका. हा क्रम निदान तीन महिने चालवायचा आहे. रोज फिजिओथेरपिस्टकडे जाणे प्रत्येकाला परवडत नाही. एकदा पद्धत नीट शिकून घेऊन घरी केले तरी चालते.

कोपराला झटके देऊन 'शीर बसवणे', जोराने रगडणे हे प्रकार मात्र टाळा.

मैदानावर परतताना

नुसते दुखणे थांबले म्हणजे परतायची वेळ झाली असे नाही. दुखऱ्या हाताची पकड चांगल्या हाताच्या जवळपास आली पाहिजे, आणि भरलेली कळशी उचलताना कळ येता कामा नये. मग आधी चेंडूशिवाय बॅट फिरवा. आठवड्याने सावकाश टाकलेले चेंडू, त्यानंतर सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला निदान एक आठवडा द्या. लांबून फेकी करणे सर्वांत शेवटी. बॅट हलकी घ्या आणि दांड्यावरची ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर बदला. निसटणारी बॅट धरायला मूठ जास्त आवळावी लागते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पडल्यानंतर कोपर सरळ होत नसेल, सांधा सुजून लाल झाला असेल, ताप असेल, सांधा अडकत असेल, करंगळीला मुंग्या येत असतील किंवा मानेपासून कळ उतरत असेल, तर हे दुखणे वेगळे आहे, तपासून घ्या. डाव्या हातात कळ येऊन छाती भरून आली, घाम सुटला, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. सहा आठवडे नेमाने व्यायाम करूनही काहीच फरक नसेल तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. मधुमेह ताब्यात ठेवा आणि धूम्रपान सोडा. दोन्हींमुळे कंडरा भरायला वेळ लागतो.

सुरुवातीला सांगितलेला तो गडी त्या दिवशी नाराज होऊन गेला. त्या रविवारी त्याच्या संघाला त्याच्यावाचून खेळावे लागले. पण बाटलीचा व्यायाम त्याने धरला. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, ते महिने त्याच्या कोपराला फावले. नारळी पौर्णिमेनंतर त्याने रापणीचा दोर धरला, तो आधी दिवसाआड आणि मधल्या जागेवर. संध्याकाळी थोडे दुखे, सकाळपर्यंत थांबे. बॅट मात्र त्याने पुढची थंडी पडल्यावरच हातात घेतली. एक हंगाम गेला, पण हात राहिला. ज्याचे पोट हातावर आहे, त्याने हा हिशेब मांडवात बसून नव्हे, घरी बसून करावा.