चष्म्याचा नंबर म्हणजे डोळ्यांची तपासणी नव्हे

चाळिशी ओलांडली की वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते, सुईत दोरा ओवायला मुलांना हाक मारावी लागते, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला मोबाइलचा टॉर्च लागतो. डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होते आणि जवळचे पाहताना त्याला जितके फुगता यायला हवे तितके येत नाही. हे सगळ्यांचेच होते, त्यात आजार काही नाही. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. तेव्हा वाचायला जास्त उजेड लागणेही वयाला धरूनच आहे. आपण कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, यंत्रापुढे हनुवटी टेकवतो, नंबर निघतो, चष्मा मिळतो, अक्षरे लख्ख दिसू लागतात. घरी येऊन सांगतो, ‘कॉम्प्युटरवर डोळे तपासून आलो.’ उतारवयात नजर गमावलेली माणसे पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे की नुकसानीची सुरुवात या समजुतीपासून होते. ते यंत्र डोळ्याला किती नंबरची काच लागेल एवढेच काढते. डोळ्यातला दाब, मागचा पडदा आणि तिथून मेंदूकडे जाणारी नस यांच्याविषयी ते काहीच सांगत नाही, आणि उतारवयात नजर कायमची जाते ती बहुधा तिथूनच.

यावर नेहमीचे उत्तर असते, ‘मला सगळे नीट दिसते, मग कशाला जायचे?’ हे उत्तर काचबिंदूपुढे अजिबात टिकत नाही. काचबिंदूत नजर कडेकडेने जाते आणि मधली नजर बऱ्याचदा अगदी शेवटपर्यंत शाबूत राहते. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. जिथे दिसत नाही तिथे काळा डागही जाणवत नाही, कारण मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून ती जागा बुजवून टाकतो. म्हणून तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसाचीही बाजूची नजर बरीच गेलेली असू शकते. दक्षिण भारतात घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेक्षणांत काचबिंदू सापडलेल्या दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक लोकांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नव्हता. एकदा मेलेली नस परत जिवंत होत नाही. थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रिया उरलेली नजर राखतात, इतकेच. दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर (पारा) या मर्यादेत असला म्हणजे सुटलो, असेही नाही. काहींची नस त्या दाबातही खराब होते, म्हणून डॉक्टरांनी ती प्रत्यक्ष पाहावी लागते. मधुमेहातही पडद्याच्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही. याच्या उलटही घडते. साठीनंतर कुणाला एकाएकी चष्म्याशिवाय वाचता येऊ लागते आणि घरात कौतुक सुरू होते. प्रत्यक्षात मोतीबिंदूने भिंगाचा गाभा घट्ट होऊन डोळा मायनस नंबरकडे सरकलेला असतो. जवळचे सुधारलेले दिसते तोवर दूरचे बिघडत असते.

मोतीबिंदूविषयीचा दुसरा आक्षेप जुना आहे: ‘पिकू दे, मग काढू.’ आख्खे भिंग मोठी चीर देऊन काढायचे त्या काळात याला अर्थ होता. आज फेको पद्धतीत भिंगाचे ध्वनिलहरींनी तुकडे करून बारीक छिद्रातून ते काढतात. भिंग जितके कडक, तितकी ऊर्जा जास्त लागते आणि डोळ्याला त्रासही जास्त. फार पिकलेले भिंग फुगून आतला दाबही वाढवू शकते. २०१५ ते २०१९ मधल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे होते, म्हणजे एका शस्त्रक्रियेने परत मिळण्यासारखी नजर लोक वाट पाहत घालवत होते. डॉक्टर उगाच शस्त्रक्रिया गळ्यात मारतात, ही शंका मात्र मी उडवून लावणार नाही. मोतीबिंदू दिसला म्हणून लगेच काढावा लागतो असे नाही. रात्री समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो, पायरीची कड कळत नाही, रोजचे काम अडते, तेव्हा काढावा. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या, पण मध, गुलाबपाणी किंवा कुठलेही थेंब मोतीबिंदू विरघळवतील या आशेवर वर्ष घालवू नका.

स्वस्तातल्या चष्म्याला माझा विरोध नाही. आसामच्या चहामळ्यांतल्या चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचे साधे चष्मे दिल्यावर त्यांची पानतोडणी चष्मा नसलेल्यांपेक्षा २० टक्क्यांहून जास्त वाढली, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. चष्मा घ्यावाच; त्याने नंबर वाढतो हीसुद्धा भीतीच आहे, वाढतो तो वयाने. विरोध आहे तो चष्म्यावर थांबण्याला, आणि त्याहून जास्त मेडिकलमधून परस्पर आणलेल्या थेंबांना. लाल डोळ्याला झटकन आराम देणाऱ्या अनेक बाटल्यांत स्टेरॉइड असते. महिनोन्‌महिने घातले तर त्याने डोळ्यातला दाब वाढतो आणि मोतीबिंदूही होतो. गेल्या वर्षीच्या चिठ्ठीवर यंदा बाटली आणू नये.

घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे. नेहमीचा चष्मा लावून एक डोळा तळहाताने न दाबता झाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या एका तारखेवर नजर रोखा. भोवतालच्या चौकटींच्या रेघा सरळ दिसतात का, एखादे घर पुसट किंवा गायब आहे का, ते पाहा. मग दुसरा डोळा. रेघ वाकडी दिसली तर पडद्याच्या मध्यभागी बिघाड असू शकतो आणि त्यात दिवस घालवून चालत नाही. यातून काचबिंदू मात्र कळत नाही. डोळ्यापुढे अचानक विजा चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, कडेने पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एक डोळा लाल होऊन ठणकतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि उलट्या होतात, तेव्हा ते पित्त किंवा अर्धशिशी समजून झोपून राहणाऱ्यांची नजर काही तासांत जाऊ शकते.

चाळिशीला एकदा आणि साठीनंतर दर एक-दोन वर्षांनी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मधुमेह असेल तर तो कळल्या वर्षापासून दरवर्षी. दाब मोजा, थेंब घालून पडदा पाहा, नस कशी आहे ते सांगा, असे स्पष्ट म्हणावे आणि दाबाचे आकडे लिहून घ्यावेत. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातही नेत्रविभाग असतो. पडदा पाहण्यासाठी घातलेल्या थेंबांनी चार-सहा तास अंधूक दिसते, म्हणून अनेक जण ते टाळतात. सोबत कुणाला तरी न्या आणि स्कूटर घरी ठेवा. काचबिंदू निघालाच तर कागद फाइलला लावून गप्प बसू नका. तो रक्ताच्या नात्यात येतो, म्हणून सख्ख्या भावंडांना आणि चाळिशीला आलेल्या मुलांना त्याच आठवड्यात फोन करून तपासायला पाठवा.