पॅरिस अजून ८५ किलोमीटर

“मिलान ते पॅरिस दीड तास, काका. दुपारचं जेवण पॅरिसमध्ये!” नवी पेठेतल्या एका ट्रॅव्हल एजंटाचं हे बोलणं प्रस्तुत लेखकाला अजून बोचतं. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच राग जात नाही.

दोन्ही शहरांमधलं हवाई अंतर सुमारे ६४० किलोमीटर. विमान खरंच दीड तासात उतरलं. पण तिकिटावरचं ‘मिलान’ म्हणजे बेर्गामोचा विमानतळ, शहरापासून जवळपास ५० किलोमीटरवर. बसने तासाभराची वाट, वर दोन तास आधी हजेरी. आणि ‘पॅरिस’ म्हणजे बोव्हे. बाहेर आले तर समोर वाहनतळ आणि बसची रांग. “पॅरिस कुठंय?” पत्नीने विचारलं. लेखकाने मोबाइलवर नकाशा उघडला. ८५ किलोमीटर! सोलापूरहून पंढरपूरसुद्धा त्याहून जवळ. दोन बॅगा पायाशी, पोटात सकाळचा चहा, आणि पत्नी काहीच बोलेना. ते न बोलणंच जास्त लागलं. सकाळी सातला हॉटेल सोडलेलं. पॅरिसच्या खोलीवर पोचायला सव्वातीन वाजले. लूव्र संग्रहालयाची दोनची वेळ पैसे भरून राखून ठेवलेली, ती गेलीच.

परतल्यावर जाब विचारला, तर एजंट मोबाइलवरची नजरही न उचलता म्हणाला, “विमान दीड तासच उडलं ना?” वीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाइकाला हे उत्तर!

मिलानहून पॅरिसला थेट टीजीव्ही रेल्वे आहे. साधारण सात तासांत ती थेट पॅरिस शहरात आणून सोडते. ऑगस्ट २०२३मध्ये फ्रान्समधल्या मोरियेन खोऱ्यात दरड कोसळून हा मार्ग बंद पडला होता, तो मार्च २०२५अखेर खुला झाला. एजंटाने रेल्वेचं नावही काढलं नाही.

तिकीट घेताना शहराचं नाव नव्हे, विमानतळाची तीन अक्षरं वाचावीत. मिलानचा एलआयएन म्हणजे लिनाते, शहरालगत; बीजीवाय म्हणजे बेर्गामो. पॅरिसचा ओआरवाय जवळ, बीव्हीए म्हणजे बोव्हे. हॉटेलच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत किती तास, ते एजंटाकडून लिहून घ्यावं. घड्याळाचाही घोळ असतो: लंडन पॅरिसच्या एक तास मागे, त्यामुळे सव्वा तासाचा प्रवास लंडनहून पॅरिसला जाताना सव्वादोन तासांचा दिसतो आणि येताना पंधरा मिनिटांचा. बॅगेचं वजन घरीच करावं. पाणी, खाणं जवळ ठेवावं. आता मुंबईलाही नवी मुंबईचा दुसरा विमानतळ झाला आहे, तेव्हा घरच्या तिकिटावरही ती अक्षरं बघावीत.

मध्यंतरी शेजारच्या दुकानदाराच्या मुलीचं ब्रसेल्सचं तिकीट लेखकाने मुद्दाम मागून वाचलं. सीआरएल, म्हणजे शार्लरवा. तिथून ब्रसेल्सला बसने तास. तिकीट त्याच एजंटाने काढलेलं.